सरदाराच्या हातातली सुई

1755 साली पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात भरलेल्या प्रदर्शनात मोरीस कांतँ द ला तूर या चित्रकाराने एक भलेमोठे पेस्टल मांडले. पावणेदोन मीटर उंचीच्या त्या चित्रात राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोम्पादूर वेलबुट्टीच्या झग्यात बसली आहे. हातात संगीताची वही, अंगावर दागिना नाही. शेजारच्या टेबलावर पृथ्वीचा गोल आणि त्या काळातले वादग्रस्त ग्रंथ उभे आहेत. मोंतेस्क्यूचा कायद्याच्या तत्त्वांवरचा ग्रंथ आहे आणि नुकताच छापून आलेला विश्वकोशाचा चौथा खंडही. टेबलाच्या कडेवरून एक छापील चित्र खाली लोंबते आहे आणि त्यावर ‘पोम्पादूरने कोरले’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत.

फ्रान्समधल्या सर्वांत वजनदार स्त्रीला आपण तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरतो हे जगाला दाखवावेसे वाटले, ही गोष्ट साधी नाही. कोरीवकाम हा कारागिरांचा धंदा होता. त्यात हात काळे होतात, आम्लाच्या वाफा नाकात जातात, डोळे शिणतात. तरीही अठराव्या शतकात सरदार, धर्मगुरू, वकील आणि उमरावांच्या घरच्या बायका या कामाकडे वळल्या. त्यांतल्या कित्येकांना कोरायचे होते ते ग्रीस आणि रोमच्या अवशेषांतले काहीतरी. एखादे रत्न, एखादा फुटका दिवा, एखादी गवताने झाकलेली कमान.

पुरातन रोम कागदावर उतरवण्याची परंपरा त्याआधी अडीचशे वर्षांची होती. 1506 मध्ये रोममधल्या एका द्राक्षमळ्यात लाओकून आणि त्याच्या मुलांचे शिल्प सापडले. पुतळ्याचा तुटलेला उजवा हात नंतरच्या शिल्पकारांनी आपापल्या कल्पनेने जोडला. पण मार्को देंते या कोरक्याने तो हात नसलेला पुतळा जसा होता तसा कोरून ठेवला होता, म्हणून ते मूळ रूप आज कळते. मार्कांतोनियो राइमोंदीने राफाएलच्या आराखड्यावरून ‘पॅरिसचा न्याय’ कोरले. त्यातल्या आकृतींचे मूळ रोमन दगडी शवपेट्यांवरच्या उठावचित्रांत होते. त्याच छापाच्या कोपऱ्यात बसलेले तिघेजण 1863 मध्ये माने याने उचलले आणि आपल्या गाजलेल्या ‘गवतावरचे भोजन’ या चित्रात बसवले. सोळाव्या शतकात आंतोनियो लाफ्रेरी हा प्रकाशक रोममध्ये प्राचीन इमारती आणि पुतळ्यांची सुटी छापचित्रे विकायचा. गिऱ्हाइकाने हवी ती निवडायची आणि घरी नेऊन बांधून घ्यायची. त्यामुळे त्या संग्रहाच्या दोन प्रती सहसा सारख्या मिळत नाहीत.

ही सगळी पोटासाठी काम करणारी, हात बसलेली माणसे होती. ब्युरिन नावाच्या पोलादी कोरणीने तांबे थेट कापायचे, तर उमेदवारीत वर्षे घालवावी लागत. वाळू भरलेल्या चामडी उशीवर पत्रा ठेवायचा, एका हाताने तो फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने कोरणी पुढे रेटायची. रेघेची जाडी मनगटाच्या दाबावर ठरते. सवडीचा छंद म्हणून हे काम होत नाही.

एचिंगचे तसे नव्हते. तांब्याचा घासून चकचकीत केलेला पत्रा गरम करून त्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा. समईवर काजळ धरतात तसा तो पत्रा मेणबत्तीच्या ज्योतीवर पालथा धरून काळा करायचा. मग त्या काळ्या थरावर सुईने चित्र काढायचे. सुईचे टोक तांब्याला खरवडत नाही, वरचे मेण तेवढे बाजूला सारते, आणि काळ्यातून तांब्याची लालसर रेघ चमकते. हात अडत नाही, कागदावर पेन्सिल चालावी तितका मोकळा राहतो. नंतर पत्र्याच्या कडेने मेणाची बारीक भिंत घालून आत नायट्रिक आम्ल ओतायचे. उघड्या पडलेल्या तांब्यावर बुडबुडे येतात. आम्ल जितका वेळ राहील तितकी रेघ खोल. फिकट हव्या त्या रेघा मध्येच वार्निशने झाकायच्या आणि बाकीच्या पुन्हा आम्लात सोडायच्या. शेवटी मेण पुसून रेघांत शाई भरायची, वरची शाई मलमलीने टिपायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा.

म्हणजे ज्याला बरे रेखाटन येते त्याला एचिंग येऊ शकते. शिकायला पुस्तकही होते. आब्राहाम बोसने 1645 मध्ये लिहिलेली मार्गदर्शिका शंभर वर्षांनी शार्ल-निकोला कोशँने नवी करून छापली. रेखाटन तर घरंदाज मुलामुलींच्या शिक्षणातच असे. लायप्त्सिशमध्ये शिकत असलेल्या तरुण गटेने श्टॉक नावाच्या कोरक्याकडून ही कला घेतली आणि निसर्गदृश्यांचे पत्रे केले. त्यानंतरच्या आपल्या आजारपणात आम्लाच्या वाफांचाही हात असावा, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे.

या हौशी मंडळींत सर्वांत मोठा माणूस होता काउंट केलूस. आन-क्लोद द केलूस 1692 मध्ये जन्मला, तरुणपणी सैन्यात गेला, मालप्लाकेच्या लढाईत लढला. युद्ध संपल्यावर त्याने तलवार खाली ठेवली आणि इटलीचा रस्ता धरला. पुढे फ्रेंच राजदूताच्या ताफ्याबरोबर तो कॉन्स्टँटिनोपलला गेला. एफेसस आणि कोलोफोनचे अवशेष पाहायचे होते, पण त्या मुलखात लुटारूंचा सुळसुळाट होता. त्याच्या निधनानंतर विद्वत्सभेत झालेल्या स्मरणभाषणात याचा किस्सा येतो. केलूसने जाडाभरडा कपडा अंगावर चढवला, खिशात पैसा ठेवला नाही आणि थेट लुटारूंच्याच नायकाशी सौदा केला. वाटाडे त्याने द्यायचे आणि काउंट सुखरूप परतला की रक्कम मिळायची. सौदा पाळला गेला.

पॅरिसला परतल्यावर केलूसने सुई हातात घेतली ती जन्मभर सोडली नाही. चित्रकार वातोशी त्याची मैत्री होती. शिल्पकार एद्म बूशार्दों रोममध्ये नऊ वर्षे काढून 1732 मध्ये परतला, तेव्हापासून दोघांची जोडी जमली. बूशार्दोंने लाल खडूने रेखाटायचे आणि केलूसने ते तांब्यावर न्यायचे. पॅरिसच्या रस्त्यांवरचे पाणके, फेरीवाले आणि हमाल यांची त्यांनी केलेली मालिका प्रसिद्ध आहे. पण प्राचीन कलेच्या दृष्टीने त्यांचे मोलाचे काम म्हणजे राजाच्या संग्रहातली कोरीव रत्ने. केलूसने त्यांवरून तीनशेच्या आसपास शिरे आणि प्रसंग एचिंगमध्ये उतरवले.

कोरीव रत्न ही छापचित्रकाराची परीक्षाच. नखाएवढ्या अकीकावर देव, घोडे, मिरवणुका खोल कोरलेल्या असतात. नीट पाहायच्या तर मेणात ठसा घ्यावा लागतो आणि ठशात चित्र उलटे होते. ठसा पाहून पत्र्यावर जसेच्या तसे रेखाटले तर छापताना ते आणखी एकदा उलटते. सावधगिरी बाळगली नाही तर उजव्या हाताने भाला फेकणारा वीर डावखुरा होतो. शिवाय आकार वाढवायचा. काही मिलिमीटरचा चेहरा तळहाताएवढा केला की मूळ कारागिराने न कोरलेल्या पापण्या आणि स्नायू चित्रकार नकळत भरू लागतो.

फ्रेंच राजसंग्रहातल्या ‘मायकेलअँजेलोची मुद्रा’ या रत्नाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. बोटाच्या पेराहून लहान अशा त्या लालसर दगडावर द्राक्षांच्या सुगीचा उत्सव आहे. डझनाहून जास्त माणसे, झाड, वर ताणलेले कापड, सगळे त्यात मावले आहे. अठराव्या शतकात अनेक जाणकार ते अस्सल प्राचीन मानत. पण देखाव्याखालच्या चिंचोळ्या पट्टीत एक चिमुकला मासेमार गळ टाकून बसला आहे. आता ही त्या कारागिराची कोड्यातली सही मानली जाते. पिएर मारिया सेर्बाल्दी हा पेशा या गावचा, आणि इटालियनमध्ये मासेमारीला म्हणतात पेस्का, म्हणजे गावाच्या नावाशी जुळणारा शब्द. म्हणजे रत्न रोमन नाही, प्रबोधनकाळातले आहे. मासेमार किती बारकाईने आणि कुठे बसवला आहे हे मोठ्या आकाराच्या छापचित्रांमुळे कोणालाही सावकाश तपासता येऊ लागले. राजाच्या कपाटातला दगड किती जणांना हाताळायला मिळणार?

1752 मध्ये केलूसच्या ‘प्राचीन वस्तूंचा संग्रह’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. इजिप्शियन, एत्रुस्कन, ग्रीक आणि रोमन वस्तू त्यात होत्या, पुढे फ्रान्सच्या मातीतल्या गॉल लोकांच्याही आल्या. एकूण सात खंड झाले. सातवा त्याच्या मृत्यूनंतर, 1767 मध्ये आला. आज ती पाने उलटताना जाणवते की यात भव्य पुतळे जवळजवळ नाहीतच. चाव्या आहेत, मातीचे दिवे, आकडे, काचेचे तुकडे, बोटभर उंचीचे कांस्य देव, मोडक्या कानाची भांडी आहेत. वस्तू कशाची, उंची किती, कोणत्या धातूची, हे केलूस नोंदवत जातो. इटलीतला त्याचा पुरवठादार आणि मित्र पाच्याउदी याला तो पत्रांतून बजावत असे की सुंदर वस्तू नकोत, फुटकेतुटके पाठव. शोभेचे कपाट सजवण्यात त्याला रस नव्हता. वस्तू शेजारी ठेवून तुलना करायची आणि शास्त्रज्ञ प्रयोगाकडे पाहतो तसे त्या तुलनेकडे पाहायचे, अशी त्याची भूमिका होती. खंड छापून झाला की त्यातल्या वस्तू तो राजाच्या संग्रहाला देऊन टाकी आणि नवे तुकडे जमवायला लागे. त्या वस्तू आता फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणे-पदक विभागात आहेत.

या ग्रंथाच्या पत्र्यांवर पगारी हातांनीही काम केले, आणि प्रांतोप्रांती रस्ते बांधणाऱ्या सरकारी अभियंत्यांनी गॉल-रोमन अवशेषांची रेखाटने त्याला धाडली. तरी कोणती वस्तू घ्यायची, कोणत्या बाजूने दाखवायची, किती मोठी छापायची, हे ठरवणारा माणूस स्वतः तीस वर्षे सुई चालवलेला होता. म्हणूनच या पानांवर सावल्यांचा दिखाऊपणा कमी आहे. बांगडीचा सांधा कसा वळवला आहे, दिव्याची नळी कुठे जोडली आहे, हे तिथे दिसते. हाताने कधी काही न घडवलेल्या विद्वानाला असे प्रश्न सुचत नाहीत. प्राचीन चित्रकार मेणात रंग मिसळून चित्रे कशी काढत, हे शोधण्यासाठी तर केलूसने प्रयोगच मांडले आणि व्हिएन या चित्रकाराकडून त्या पद्धतीने मिनर्वाचे शिर रंगवून घेतले.

1757 मध्ये त्याने आणखी एक धाडस केले. पिएत्रो सांती बार्तोलीने सतराव्या शतकात रोमन भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या होत्या, त्या केलूसच्या हाती लागल्या. त्या तांब्यावर नेऊन, प्रत्येक प्रत हाताने रंगवून त्याने ग्रंथ काढला. प्रती फक्त 30. रोममधली ती भित्तिचित्रे हवा लागून विटत चालली होती, काही भिंती नाहीशा झाल्या होत्या. त्या रंगांचा पुरावा टिकला तो अशा कागदांमुळे.

त्याच काळात नेपल्सच्या राजाने हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या प्राचीन शहरातून निघालेल्या खजिन्यावर कडक पहारा बसवला होता. पोर्तिचीच्या संग्रहालयात पाहुण्यांना वस्तू दाखवत, पण कागद-पेन्सिल काढू देत नसत. कोशँ आणि वास्तुकार बेलिकार यांनी पाहिलेले आठवून आठवून काढले आणि 1754 मध्ये पुस्तक छापले. राजाचे अधिकृत ग्रंथ 1757 पासून निघू लागले तेही आधी भेटीदाखल, मर्जीतल्या लोकांना. प्राचीन वस्तूंचे चित्र ही सत्ता होती, आणि केलूससारखा माणूस स्वखर्चाने चाव्या-दिव्यांची चित्रे बाजारात आणत होता हे या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

आता पोम्पादूरकडे. व्हर्सायमध्ये तिच्या आश्रयाला झाक ग्वे हा रत्नकोरक्या होता. प्राचीन रोमन रीतीने, पण विषय फ्रान्सचे घेऊन तो रत्ने कोरी. फोंतेन्वाचा विजय, राजघराण्यातला जन्म, 1756 चा ऑस्ट्रियाशी तह. त्यावरून चित्रकार फ्रांस्वा बूशे रेखाटने करून देई आणि पोम्पादूर ती एचिंगमध्ये उतरवी. अशा 52 चित्रांचा संच तिने मोजक्या लोकांना भेट देण्यासाठी बांधून घेतला. त्यांतली एक प्रत आता अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात आहे. ग्वेकडून ती स्वतः रत्न कोरायलाही शिकली. 1760 मध्ये तिने व्हर्सायच्या उत्तरेकडच्या दालनात छापखान्याची सामग्री आणवून कोर्नेयचे ‘रोदोग्यून’ हे नाटक छापवले. मुखचित्र बूशेचे, एचिंग तिचे आणि शेवटची डागडुजी कोशँची. प्रकाशनस्थळ म्हणून पुस्तकावर गाव नाही, ‘उत्तरेला’ एवढेच छापले आहे.

तिच्या पत्र्यांत किती तिचे आणि किती इतरांचे, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. रेघा कुठे कुठे अवघडलेल्या आहेत, कुठे एकदम सराईत होतात, आणि ते डोळ्यांना दिसते. पण तिचे श्रेय फक्त रेघांवर मोजले तर चुकते. ग्वेची रत्ने राजाच्या आणि तिच्या पेटीत राहिली असती. एका कारागिराचे अख्खे काम क्रमाने, एकाच आकाराच्या पानांवर, नावानिशी मांडायचे तिला सुचले आणि ते तिने तडीस नेले. जिवंत रत्नकारासाठी असे त्या काळात क्वचितच कोणी करत होते. मृत्युपत्रात तिने आपली रत्ने राजसंग्रहाला दिली.

हौशी लोकांवर राग धरणारेही होते, आणि सर्वांत तिखट लेखक दिदेरो. पैशाच्या जोरावर हे लोक कलावंतांवर हुकूम गाजवतात, कामे कोणाला द्यायची ते ठरवतात, असे त्याचे म्हणणे होते. फ्रेंच कला अकादमीत अशा मान्यवरांसाठी सन्मान्य सभासदाच्या जागा होत्या. केलूस 1731 पासून तिथे बसत होता आणि त्याचा दरारा मोठा होता. 1765 मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे थडग्यावर प्राचीन दगडी पात्र बसवले गेले, तेव्हा दिदेरोने त्यावर दोन बोचऱ्या ओळी रचल्या. तक्रारीत तथ्य होते. बूशार्दों, बूशे, कोशँ यांच्या हातांशिवाय या मंडळींचे अर्धे काम उभे राहिले नसते. मात्र प्राचीन कलेच्या इतिहासाचा पाया घालणाऱ्या विंकेलमानने, केलूसशी अनेक मतभेद असूनही, प्राचीन समाजांच्या शैलीच्या गाभ्यात पहिल्यांदा शिरण्याचा मान त्याला दिला.

इंग्लंडमध्ये ही हौस इतकी पसरली की तिचेच संग्रह करणारे निघाले. रिचर्ड बुलने उमराव आणि प्रतिष्ठित घराण्यांतल्या स्त्री-पुरुषांची एचिंग वह्यांमध्ये चिकटवून ठेवली, होरेस वॉलपोलनेही तेच केले. अनेक स्त्रियांच्या कामाचा ठावठिकाणा त्यामुळेच लागतो. एलिस कॉर्नेलिया नाइटने तर 1805 मध्ये रोमच्या आसपासच्या लॅटियम प्रदेशावर स्वतः पुस्तक लिहून स्वतःच्याच एचिंगांनी ते सजवले.

डिलेटांटी सोसायटी नावाचे लंडनमधले श्रीमंतांचे मंडळ अथेन्स आणि आयोनियाच्या मोजमापांचे ग्रंथ छापायला पैसा पुरवत होते. त्याच मंडळातल्या रिचर्ड पेन नाइटच्या 1786 च्या पुस्तकात एक अनपेक्षित पाहुणा भेटतो. ग्रीक-रोमन उपासनांवरच्या त्या विवेचनात मुंबईजवळच्या घारापुरीहून आणलेल्या शिल्पखंडाचे कोरीव चित्र आहे. तो तुकडा संग्राहक चार्ल्स टाउनलीच्या संगमरवरी रोमन पुतळ्यांच्या सहवासात लंडनला पोहोचला होता आणि पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. नाइटने त्याचा अर्थ ग्रीसच्या चष्म्यातूनच लावला. लेण्यातून शिल्प तोडून नेणे हा अन्यायच, आणि कोकणातल्या दगडाला भूमध्यसागरी देवतांच्या ओळीत बसवणे ही तुलनेची हौस कुठवर वाहवत जाते याची खूण.

फ्रान्समध्ये मात्र या परंपरेचा शेवटचा मोठा खेळ एका धर्मगुरूने मांडला. आबे द सँ-नों 1759 मध्ये इटलीला गेला, रोममध्ये त्याला फ्रागोनार आणि युबेर रोबेर हे तरुण चित्रकार भेटले. 1760 च्या उन्हाळ्यात त्याने फ्रागोनारला तिवोलीच्या व्हिला देस्तेमध्ये आपल्याबरोबर ठेवून घेतले. परतल्यावर त्यांच्या रेखाटनांवरून सँ-नों वर्षानुवर्षे एचिंग करत राहिला. पुढे तो अ‍ॅक्वाटिंटही शिकला. पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने छटा उठवायची ती रीत, म्हणजे कुंचल्याने फिरवलेल्या पातळ शाईचा भास छापातही येतो. मग त्याने नेपल्स आणि सिसिलीच्या सचित्र प्रवासाचा ग्रंथ हाती घेतला. भागीदार लाबोर्द मध्येच बाजूला झाला. 1781 ते 1786 या काळात चार खंड पाच पुस्तकांत निघाले, शेकडो पत्रे झाले, आणि सँ-नोंचीच नव्हे, त्याच्या भावाचीही मालमत्ता त्यात गेली.

त्या ग्रंथासाठी 1778 मध्ये देप्रे, शातले आणि रेनार या चित्रकारांची तुकडी घेऊन दक्षिण इटलीत फिरला तो व्हिव्हाँ दनों. मूळचा दरबारी आणि मुत्सद्दी, छंद म्हणून एचिंग करणारा. 1787 मध्ये अकादमीने त्याला एचिंगच्या बळावर आत घेतले. 1798 मध्ये, पन्नाशी उलटलेला असताना, तो नेपोलियनच्या फौजेबरोबर इजिप्तला गेला. सैन्य थांबेल तेवढ्या वेळात देवळांची रेखाटने करायची आणि कूच झाली की उठायचे, असे करत तो नाईलच्या वरच्या भागापर्यंत पोहोचला. 1802 मध्ये त्याचे इजिप्तचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी लूव्रचा कारभार त्याच्याकडे आला. सरकारने नेमलेल्या अभियंत्यांचे आणि विद्वानांचे इजिप्तवरचे अवाढव्य खंड 1809 नंतर येऊ लागले, तोवर युरोपातल्या वाचकांनी कर्नाक आणि एदफूची देवळे दनोंच्या पत्र्यांवरून ओळखून ठेवली होती.